बसत नाही आणि बसवत नाही

रात्रीचं जेवण झाल्यावर अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं म्हणजे शतपावली. अंगण तेच, पावलं तीच, माणूसही तोच. पण मुलगा दुपारीच निघालाय, शेवटची एसटी येऊन गेली आणि तो अजून घरी पोचलेला नाही, अशा रात्री त्याच चालण्याच्या येरझारा होतात. घरातल्यांना हे सांगावं लागत नाही. ओसरीवर गवारी मोडत बसलेल्या बाईला मान वर न करता, नुसत्या चपलांच्या आवाजावरून कळतं की आज शतपावली चाललीय की येरझारा. शतपावलीत माणूस टोकापर्यंत जातो, थोडा थांबतो, वळतो. येरझारांमध्ये तो भिंतीपर्यंत पोचतच नाही. मधूनच परततो, दाराकडे बघतो, पुन्हा फिरतो.

येरझारा हा बहुतेक पुरुषांच्या वाट्याला आलेला शब्द आहे. बायकांना काळजीच्या वेळी अंगणात मोकळेपणी फेऱ्या घालायची मुभा कुठे होती? त्यांची अस्वस्थता पायांतून निघून हातांत उतरली. माझी आजी अशा वेळी वाती वळायला घ्यायची. घरात कुणाचं बाळंतपण असो की कोर्टातल्या तारखेला गेलेले आजोबा परतायचे असोत, ती कापसाची डबी पुढे ओढायची. पेळू मोकळा करायचा, चिमटीत धरून ओढायचा, राखेचं बोट लावायचं आणि तळहातावर पीळ द्यायचा. एरवी तिच्या वाती एकसारख्या यायच्या. अशा दिवशीच्या वाती मात्र कुठे जाड कुठे बारीक, आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त. ‘हाताला चाळा हवा गं काहीतरी’ एवढंच ती म्हणायची. डबीत नेहमीपेक्षा जास्त वाती दिसल्या की घरात त्या आठवड्यात काहीतरी घडून गेलंय हे आम्हा नातवंडांना समजायचं.

चाळा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण तो मन आणि हात यांच्या बरोबर मध्ये उभा आहे. पदराशी चाळा, जानव्याशी चाळा, चष्म्याच्या दांडीशी चाळा, पेनाच्या टोपणाशी चाळा. हात एका वस्तूशी गुंतलेला आहे आणि लक्ष तिसरीकडेच, हे त्या एका शब्दात येतं. त्याचंच अनेकवचन केलं की मात्र सूर बदलतो. ‘चाळे’ म्हटलं की दटावणी आली. ‘काय चाळे चाललेत तुझे?’

आणि इथूनच मला जे म्हणायचंय ते सुरू होतं. अंगाच्या अस्वस्थ हालचालींसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे: चुळबुळ, वळवळ, तगमग, तळमळ, तडफड, घालमेल, उलघाल, चलबिचल, लटपट, थरथर. यांतला प्रत्येक शब्द हालचालीचं वर्णन करतोच, पण त्याबरोबर बघणारा त्या माणसाकडे कसा बघतोय हेही सांगून टाकतो. तो शब्द ज्याच्या तोंडून बाहेर पडला त्याचा निवाडा त्यात असतो. आणि या निवाड्यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

एक सहा-सात वर्षांचं पोर घ्या. लग्नाच्या हॉलमध्ये आईशेजारी बसवलंय. पाय लोंबकळतायत, ते हलतायत. मग ते खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळतं, मागच्या आजोबांची टोपी न्याहाळतं, पुन्हा सरळ होतं, खाली घसरतं. मावशी म्हणते, ‘चुळबुळ करायला लागलंय, भूक लागली असेल.’ काका म्हणतात, ‘किती वळवळ! जरा स्वस्थ बस की.’ शेजारच्या आजी कौतुकानं म्हणतात, ‘मोठं चळवळं आहे हो पोर.’ पोराची हालचाल एकच आहे. पण चुळबुळीला कारण असतं, ते शोधावंसं वाटतं. वळवळ किड्याची असते, अळीची असते, ती थांबवावीशी वाटते. चळवळं पोर पुढे काहीतरी करून दाखवील अशी आशा त्या शब्दात आहे. मावशी खाऊचा डबा काढते आणि काका डोळे वटारतात, ते त्या त्या शब्दाला धरूनच.

मोठ्यांच्या बाबतीतही हेच. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा ओढत बसली की तिला ‘लाजते’ म्हणून मोकळं व्हायची आपली जुनी रीत. ती घाबरलेली असेल, तिला इथून उठून जावंसं वाटत असेल, हे त्या शब्दाखाली झाकलं गेलं. सरकारी कचेरीत सातबाऱ्यासाठी उभा असलेला म्हातारा शेतकरी मी एकदा बराच वेळ बघत होते. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात घेतली होती आणि तिची कड बोटांनी पुढे सरकवत तो ती गोल गोल फिरवत होता. टोपीचा एक फेरा पूर्ण झाला की तो टेबलाकडे बघायचा. पलीकडून कुणी मान वर केली नाही की दुसरा फेरा सुरू. त्याच्या मागे उभा असलेला माणूस हळूच पुटपुटला, ‘काय लाचारासारखा उभाय.’ मला तिथे लाचारी दिसली नाही. चारदा परत पाठवलेल्या माणसाची घालमेल दिसली. चूक काढायची तर ती टेबलापलीकडची काढावी लागेल, असं घालमेल हा शब्द सांगतो. लाचारी हा शब्द सगळा दोष त्या म्हाताऱ्यावर टाकून मोकळा होतो.

चुळबुळ हा जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या लोकांचा शब्द आहे असं मला नेहमी वाटतं. सतरंजीवर तासभर बसलं की एक मांडी अवघडते, पायाला मुंग्या येतात. माणूस एक गुडघा उभा करतो, मग दुसरा, मग हातावर रेलतो, शेजाऱ्याला धक्का लागतो, तोही सरकतो. एका माणसाची चुळबुळ बघता बघता आख्ख्या ओळीची होते. जाणता कीर्तनकार हे ओळखून असतो. पूर्वरंगातलं निरूपण लांबलं आणि सतरंजीवर चुळबुळ दिसायला लागली की तो रागावत नाही, ‘विठ्ठल विठ्ठल’ असा गजर धरतो. हात टाळ्यांसाठी वर येतात, पाठी ताठ होतात, अवघडलेली मांडी आपोआप बदलली जाते आणि उत्तररंगाला मंडळी ताजी होऊन बसतात. नामाचा महिमा आहेच, पण त्या गजरात माणसाच्या शरीराची केवढी समज आहे! आपल्या वर्तमानपत्रांनीही हा शब्द असाच उचललाय. एखाद्या पक्षातल्या ‘नाराज आमदारांची चुळबुळ’ वाढली म्हणजे ते अजून उठलेले नाहीत, पण मांडी बदलायला लागलेत.

आता थोडं या शब्दांच्या घडणीबद्दल. शाळेत आपण अभ्यस्त शब्द शिकलो, तेव्हा पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे प्रकार पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. पण अस्वस्थतेचे शब्द शेजारी शेजारी ठेवून बघितले की त्या घडणीत एक शहाणपण दिसतं. थरथर, धडधड, लटलट, चळचळ, फडफड यांत तोच ध्वनी जसाच्या तसा पुन्हा येतो. ज्या हालचालीला ठेका आहे, जी एकाच लयीत पुन्हा पुन्हा होते, तिच्यासाठी हे शब्द. चुळबुळ, तगमग, घालमेल, चलबिचल, लटपट, डगमग, तडफड यांत दुसरा भाग पहिल्यासारखा असूनही तसाच नाही, किंचित घसरलेला आहे. ज्या हालचालीला ठेका नाही, पुढची हालचाल कुठल्या बाजूला होईल याचा भरवसा नाही, तिच्यासाठी हे. म्हणून माणूस थरथर कापतो, लटलट कापतो, चळचळा कापतो, पण ‘चुळबुळ कापतो’ असं कुणीही म्हणणार नाही. कापण्याला लय असते. भीतीनं पाय मात्र लटपटतात, कारण कुठला पाय कधी दगा देईल ते सांगता येत नाही. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, अपवाद काढायचे तर निघतील. पण बोलणाऱ्यांच्या कानानं हे बारकाईनं टिपलंय यात मला शंका नाही.

वैद्यकालाही हाच फरक महत्त्वाचा वाटतो. कंप म्हणजे लयीतली हालचाल. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं 1817 साली ज्या आजाराचं वर्णन केलं, ज्याला आपण कंपवात म्हणतो, त्यातली थरथर साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होते. हात मांडीवर निवांत पडलेला असताना ती जास्त दिसते, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जातात, आणि तोच हात पेला उचलायला पुढे झाला की थरथर कमी होते. दुसऱ्या एका, जास्त आढळणाऱ्या कंपात नेमकं उलटं होतं. हात ठेवला की शांत, पण चहाची बशी उचलली की कप बशीवर वाजायला लागतो. घरातल्या कुणाचा हात थरथरत असेल तर एवढं बघून ठेवावं: ठेवलेला हात थरथरतो की उचललेला. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

पण आपल्याकडे हात थरथरणाऱ्या माणसाला आधी काय ऐकावं लागतं? ‘घाबरता कशाला एवढं?’ चारचौघांत बशी वाजली की माणूस ओशाळतो, लग्नकार्यात चहा नको म्हणायला लागतो, बँकेत सही जुळणार नाही म्हणून जायचं टाळतो. थरथर आणि भय यांची आपल्या बोलण्यात इतकी जुनी गाठ बसलीय की निव्वळ मज्जातंतूंच्या थरथरीलाही भित्रेपणाचा डाग लागतो. हे मला मनापासून दुखतं, कारण अशी माणसं हळूहळू घराबाहेर पडायचीच बंद होतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात खाजकुयली नावाची वेल असते. तिच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस अक्षरशः नाचायला लागतो, इतकी खाज सुटते. शाळेत कुणाच्या बाकावर ती टाकायचा द्वाड उद्योग गावोगावच्या पोरांनी केलाय. त्याच शेंगेतल्या बिया म्हणजे आयुर्वेदातलं कवचबीज, कपिकच्छू. 1937 साली मद्रासमधल्या दोन संशोधकांनी या बियांमधून लेव्होडोपा वेगळं काढलं. पुढे 1960च्या दशकात कंपवाताच्या उपचारात लेव्होडोपानं क्रांती केली आणि आजही ते त्या आजारावरचं मुख्य औषध आहे. (म्हणून कुणी घरी बिया दळून खाऊ नयेत. मात्रा चुकली की उलटंच होतं.) वरच्या लवेनं अंगभर वळवळ आणि आतल्या बीमध्ये थरथरीवरचा उतारा, अशी ही वेल.

वळवळ हा शब्द मी वर काकांच्या तोंडी घातला तेव्हा तो तिरस्काराचा होता. पण याच शब्दानं आमच्या आईचं दुखणं ओळखू आलं, म्हणून मला त्याच्याबद्दल वेगळी माया आहे. आई सातारा भागातल्या एका खेड्यात वाढलेली. साठी ओलांडल्यावर तिची रात्रीची झोप गेली. ती अंथरुणावर पडायची, थोड्या वेळात पाय ताणायची, मग आखडायची, मग उठून अंधारात स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायची. पुन्हा पडायची, पुन्हा उठायची. आम्हाला वाटायचं वडील गेल्यापासूनची ही तळमळ आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, टेन्शन घेतात फार. एका दवाखान्यात पायदुखी म्हणून मलम मिळालं, दुसरीकडे झोपेची गोळी.

शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं. त्यांनी विचारलं, ‘आजी, पाय दुखतात का?’ आई म्हणाली, ‘दुखत न्हाईत.’ ‘मुंग्या येतात? आग होते?’ ‘न्हाई.’ मग आई स्वतःच पोटरीवर हात ठेवून म्हणाली, ‘आत वळवळतंय बघा. हाडाजवळ कायतरी चालल्यागत. पाय हलवला की जातंय, ठेवला की येतंय. दिवसा न्हाई, पाठ टेकली की चालू.’

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिला ते पुन्हा सांगायला लावलं. आईनं चार वाक्यांत जे सांगितलं ते त्या आजाराचं जवळपास पुस्तकी वर्णन होतं: पाय हलवण्याची अनावर इच्छा, विश्रांतीत वाढणारी, हालचालीनं तेवढ्यापुरती थांबणारी, संध्याकाळनंतर जोर धरणारी. इंग्लंडमधल्या टॉमस विलिस यांनी 1672 मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहून ठेवलंय, आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी 1945 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन करून त्याला अस्वस्थ पायांचा विकार असं नाव दिलं. शरीरातला लोहाचा साठा कमी असला की तो बळावतो. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात तो जास्त दिसतो, आणि सर्दीवरच्या काही जुन्या गोळ्यांनीही वाढतो. बाईंनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी लिहून दिली. फेरिटिन म्हणजे साठवणीतल्या लोहाचं माप. हिमोग्लोबिन ठीकठाक होतं, साठा मात्र तळाला गेलेला. लोह सुरू झालं, संध्याकाळचा चहा बंद झाला, आणि काही महिन्यांत आई रात्री सलग झोपायला लागली.

आईकडे ‘वळवळतंय’ हा शब्द होता आणि तो दुखण्याशी, मुंग्यांशी, आगीशी मिसळू न देण्याची सवय होती. तिच्या पिढीतल्या बायका अंगाचं वर्णन फार नेमकं करायच्या. कळ वेगळी, ठणका वेगळा, सल वेगळी, शिळक वेगळी, चमक वेगळी. पोट दुखतं म्हटलं तरी ते मुरडतंय, डचमळतंय की ढवळतंय हे लगोलग पुढे यायचं. आता आपण यातल्या निम्म्या गोष्टींवर ‘टेन्शन’ नावाचं एक झाकण घालतो. टेन्शन आलं, टेन्शन घेतलं, टेन्शनमध्ये आहे. शब्द परका आहे याचं मला दुःख नाही, आपली भाषा अनेक शब्द घेऊन मोठी झालीय. दुःख याचं की टेन्शन म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारायची गरजच वाटत नाही. छातीत धडधडतंय? पोटात कालवतंय? घशात आवंढा अडकतोय? हातापायांतलं बळ गेलंय? या चौघांचे उपाय निरनिराळे असतात.

आतल्या अस्वस्थतेचे शब्द तर आणखी तरल. घालमेल आणि उलघाल पोटाच्या वर, छातीच्या खाली कुठेतरी होते. तगमगीत उष्णता आहे, म्हणून एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा पंचेचाळिसाला टेकला की ‘उकाड्यानं तगमग’ असा मथळा येतो आणि तो कुणाला अलंकारिक वाटत नाही. हुरहूर मात्र पूर्ण अभ्यस्त असूनही आवाज न करणारी, आत सावकाश चालणारी. तुकोबांच्या ‘कन्या सासुऱ्यासी जाये’ या अभंगात हुरहूर आणि तळमळ हे दोन शब्द किती जाणून आलेत बघा. आई चुकलेलं बाळ ‘हुरुहुरु पाहे’, आणि जीवनावेगळी, म्हणजे पाण्यावेगळी झालेली मासोळी तळमळते. बाळाला आई सापडेल ही आशा आहे, म्हणून त्याची हालचाल डोळ्यांतच आहे. मासोळीला वेळ उरलेला नाही, म्हणून तिचं सगळं अंग हलतं. नदीकाठी जाळं झटकताना ज्यानं मासा पाहिलाय त्याला तळमळ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

याच तळमळीचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. आज ‘तळमळीचा कार्यकर्ता’ हे कौतुक आहे. मासोळीची धडपड माणसानं दुसऱ्यासाठी करावी, हे आपल्याला थोर वाटलं. आणि चळवळ! चळवळ्या पोराच्या अंगातली ती अस्थिर हालचाल एका समूहाच्या अंगात आली आणि तिला आपण तेच नाव दिलं. सत्यशोधक चळवळ, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, दलित चळवळ. 1927 साली महाडला चवदार तळ्याकडे निघालेली माणसं ही ठरवून ज्यांना आपल्या जागी बसवून ठेवलं होतं अशी माणसं होती, ती उठली. ज्यांना हे उठणं रुचत नाही ते आजही एक अक्षर बदलून ‘ही चळवळ नव्हे, वळवळ’ म्हणून हिणवतात. लग्नाच्या हॉलमधले काका इथेही भेटतात. हलणारा कोण आहे यापेक्षा नाव देणारा कुठे बसलाय हे अशा वेळी आधी बघावं.

गावाकडे जनावरांच्या बाबतीत मात्र मी हा निवाड्याचा सूर कधी ऐकला नाही. गाय वीत असते तेव्हा ती उभी राहते, बसते, पुन्हा उठते, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते, शेपूट वर धरते, दाव्याला हिसका देते. माझे मामा गोठ्याच्या उंबऱ्यात बसून हे बघायचे. मी एकदा विचारलं, ‘मामा, ही अशी का करतीय?’ ते म्हणाले, ‘उठबस चालू झालीया बाळ. आजची रात आपल्याला झोप न्हाई.’ उठबस. तिच्यात तक्रार नाही, कौतुक नाही, दयासुद्धा नाही. जे दिसतंय ते तेवढं सांगितलं आणि लगेच स्वतःवर जबाबदारी घेतली, आपल्याला जागायचंय. मामांनी कंदील जवळ ओढला, खाली वाळकं गवत पसरलं आणि गप्प बसून राहिले. पहाटे कालवड झाली.

माणसाच्या उठबशीकडे असं बघणं आपल्याला जड जातं. तरी भाषेत त्याची सोय आहे, आणि ती एका अक्षरात आहे. ‘तो बसत नाही’ आणि ‘त्याला बसवत नाही’. पहिल्यात बसायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे आणि तो नकार देतोय. दुसऱ्यात त्याची इच्छा असूनही शरीर साथ देत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात: मला चालवत नाही, आजीला बोलवत नाही, हे दुःख पाहवत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन जे सांगतो ते याच जातीचं आहे. गात्रं गळतायत, तोंड कोरडं पडतंय, अंगाला कंप सुटलाय, रोमांच उभे राहिलेत, हातातून गांडीव निसटतंय, त्वचेचा दाह होतोय, मला उभं राहवत नाही. या सगळ्यानंतर, अगदी शेवटी, तो म्हणतो की मन भ्रमल्यासारखं झालंय. आधी सगळं शरीर, मग मन. जगातल्या त्या मोठ्या धनुर्धराला उभं राहवेना. त्याच्या सारथ्यानं त्याला बोल लावले हे खरं, पण त्याचं सगळं ऐकून घेतल्यावरच.

‘बसवत नाही’ या दोन शब्दांवर कधी कधी माणसाचा जीवही अवलंबून असतो. लादिस्लाव हाश्कोवेत्स या चेक डॉक्टरनं 1901 मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांना एका जागी बसणं अशक्य होतं, आणि त्या अवस्थेला ग्रीक शब्दांतून अकाथिसिया असं नाव दिलं. त्या नावाचा अर्थच ‘न बसता येणं’. पुढे 1950च्या दशकात मानसिक आजारांवरची नवी औषधं आली आणि त्यांचा दुष्परिणाम म्हणून ही अवस्था पुष्कळ दिसायला लागली. उलटी थांबवणाऱ्या काही औषधांनीही ती होते. माणूस उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतो, खुर्चीत बसला की उठतो, घरभर फिरतो, आणि आत जीव नकोसा होतो. घरचे सांगतात, ‘डॉक्टर, आजार वाढलाय, आता तर एका जागी बसतच नाही.’ ते ऐकून औषधाची मात्रा वाढवली गेली तर त्रासही वाढतो. तेच घरच्यांनी ‘गोळी सुरू केल्यापासून त्याला बसवत नाही, बसावंसं वाटतं पण बसवत नाही’ असं सांगितलं, तर डॉक्टरच्या मनात वेगळा विचार सुरू होतो. औषध आपल्या मनानं बंद करू नये हे तर आहेच. पण ‘बसवत नाही’ हा निरोप जसाच्या तसा पोचवावा, आणि लगेच पोचवावा.

शाळेच्या वह्यांमध्ये आजही लाल शाईत शेरा असतो: वर्गात एका जागी बसत नाही. तो वाचून घरी मार खाल्लेली मुलं मला ठाऊक आहेत. त्यांतल्या सगळ्यांना काही विकार असतो असं नव्हे, आणि ज्यांना असतो त्यांना तज्ज्ञांकडे न्यायलाच हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या वर्गात असा एक मुलगा होता. तिनं त्याला फळा पुसायचं काम दिलं, वह्या वाटायचं दिलं, आणि मागच्या भिंतीशी उभं राहून धडा वाचायची परवानगी दिली. खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवून तो एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलत वाचायचा. सुरुवातीला इतर पोरं वळून बघायची, मग त्यांना सवय झाली. त्याच्या वडिलांना शाळेत बोलावणं गेलं तेव्हा ते मान खाली घालूनच आले, हातातल्या किल्लीशी चाळा करत. बाईंनी त्यांना वही दाखवली. त्या आठवड्याच्या शेऱ्यात लिहिलं होतं, ‘उभा राहून वाचतो. पंधरावा धडा पूर्ण.’ वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘बाई, मग घरीपण उभंच राहू देऊ का?’

‘द्या की,’ ती म्हणाली.